साखरेचे मोल, शास्त्राचे मोल

१९६७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकेतील प्रतिष्ठित नियतकालिकात हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी हृदयविकाराचा दोष मुख्यतः चरबीवर टाकून साखरेविरुद्धचा पुरावा दुबळा ठरविला. या लेखासाठी साखर उद्योगाच्या संस्थेने ६,५०० डॉलर मोजले होते, हे उजेडात यावयास २०१६ साल उजाडले. लेखकांनी नियम मोडला असेही म्हणता येत नाही. हितसंबंध जाहीर करण्याचा दंडक या नियतकालिकाने घातला तो १९८४ मध्ये. उद्योगाचा पैसा घेणे हा अपराध नव्हे. तो वाचकांपासून दडविणे हा मात्र, नियम असो वा नसो, विश्वासघातच होय. तथापि लेखकाच्या कबुलीने संपादकाची जबाबदारी संपत नाही. परीक्षकांचे आणि खुद्द संपादकाचेही हितसंबंध तपासले गेले पाहिजेत. वादीच न्यायासनावर बसला, तर खऱ्या निकालावर तरी कोण विश्वास ठेवील?