वकिलाची पाटी आणि इंटरनेट

वऱ्हाडात वकिलाचे नाव कसे होते, या प्रश्नाला दादासाहेब खापर्ड्यांच्या काळी जे उत्तर देता आले असते ते आज देता येत नाही. गणेश श्रीकृष्ण खापर्डे, रघुनाथ नरसिंह मुधोळकर आणि मोरोपंत जोशी हे अमरावतीचे तिघे वकील जितके न्यायालयात गाजले तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, सार्वजनिक जीवनात गाजले. १८९७ साली अमरावतीस काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा स्वागताध्यक्षपद खापर्ड्यांकडे होते, आणि १९१२ च्या बांकीपूर अधिवेशनाचे अध्यक्षपद मुधोळकरांनी भूषविले. अशा पुरुषांना जाहिरातीची गरज ती कोणती? इजलासात त्यांचा उलटतपास ऐकून परतलेला कास्तकार गावच्या पारावर त्याची हकीकत सांगे, सभेतील भाषणाचा वृत्तान्त वर्तमानपत्रांतून जिल्हाभर पसरे, आणि कज्जा उभा राहिला की अशिलाची पावले आपोआप त्यांच्या वाड्याकडे वळत. मात्र त्या कीर्तीच्या मुळाशी केवळ बुद्धी नव्हती. वाडा होता, घराणे होते, सभामंडपात पहिल्या रांगेत बसण्याचा मान होता.

आज दर्यापूर किंवा तेल्हारा तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याची मुलगी विधी महाविद्यालयातून पदवी घेते, महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद मिळवते आणि अकोल्याच्या न्यायालयाच्या आवारात एका टेबलाशी येऊन बसते. तिच्या घराण्यात पूर्वी कोणी वकील नाही, वडिलांची ओळख बाजार समितीच्या पलीकडे नाही, आणि बार रूममधील ज्येष्ठ तिला धीर धरण्याचा उपदेश करतात, जो त्यांना त्यांच्या वडिलांच्या चेंबरमध्ये बसून धरता आला होता. तिने लोकांना कळावे कसे, हा प्रश्न क्षुल्लक मानून चालणार नाही.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतील छत्तिसावा नियम या बाबतीत कडक आहे. पत्रके, जाहिराती, दलाल, किंवा ओळखदेख नसताना घेतलेल्या भेटीगाठी, यांपैकी कोणत्याही मार्गाने, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, वकिलाने काम मिळविण्याचा प्रयत्न करू नये. आपण चालवीत असलेल्या खटल्याच्या संदर्भात वर्तमानपत्रांत मतप्रदर्शन करू नये वा छायाचित्र छापवून घेऊ नये. दारावरची पाटीदेखील वाजवी आकाराची असावी. या कडकपणाला आधार नव्हता असे नाही. मुंबईच्या फौजदारी न्यायालयाच्या आवारात पक्षकारांना गाठून त्यांच्या हातचे कागद ओढून घेण्याचा आरोप असलेल्या वकिलांचे प्रकरण १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे गेले, तेव्हा न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी वकिली हा व्यापार नव्हे आणि खटला हा विक्रीचा माल नव्हे, असे निःसंदिग्धपणे बजावले. या तत्त्वाशी मी सहमत आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली अॅरिझोना राज्यातील प्रकरणात वकिलांना जाहिरातीची मोकळीक दिली. त्या देशातील रस्त्यांवर उभे असलेले वकिलांचे अजस्र फलक पाहता तो मार्ग आपण अनुसरावा असे मला वाटत नाही.

परंतु २००८ साली याच नियमात एक दरवाजा उघडण्यात आला आहे, आणि वऱ्हाडातील बहुसंख्य वकिलांनी त्याचा उंबरठा ओलांडलेला दिसत नाही. वकिलाला स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, दूरध्वनी, ईमेल, सनदेचा क्रमांक व दिनांक, शैक्षणिक अर्हता आणि आपण कोणत्या क्षेत्रांत काम करतो ही माहिती देता येते. (यातील गंमत अशी, की अमुक प्रकारच्या कामात आपले विशेष प्रावीण्य आहे असे दारावरच्या पाटीवर लिहिणे वर्ज्य, कामाची क्षेत्रे संकेतस्थळावर मांडणे मात्र संमत. नियम करणाऱ्यांनी पाटी आणि पडदा यांची एकदा भेट घालून द्यावयास हवी होती.)

या दरवाजातून आत येण्याऐवजी भिंतीवरून उडी मारणाऱ्यांची संख्या मात्र वाढत आहे. न्यायालयाच्या पायऱ्यांवर काळा कोट मिरवीत चालण्याच्या रील, पार्श्वभूमीला दणदणीत संगीत, आणि 'आज जामीन मिळवून दिला' अशी घोषणा, हा प्रकार जिल्ह्याच्या ठिकाणीही येऊन पोहोचला आहे. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांची सेवा यादीत मांडून विकणाऱ्या संकेतस्थळांवर कठोर ताशेरे ओढले, आणि मार्च २०२५ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने समाजमाध्यमांतील अशा प्रचाराविरुद्ध पुन्हा ताकीद दिली. मला या रीलचा राग त्यांच्या उथळपणासाठी तितकासा येत नाही. ज्याला जामीन मिळाला तो माणूस उद्या त्याच गावात राहणार आहे, त्याच्या मुलीचे लग्न व्हावयाचे आहे, आणि त्याच्या आयुष्यातील सर्वांत वाईट दिवस वकिलाने आपल्या कीर्तीचे भांडवल केला आहे, हे मला सहन होत नाही. अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट गुप्त राखण्याचे बंधन भारतीय साक्ष अधिनियमाच्या १३२ व्या कलमाने वकिलावर घातलेले आहे. गुगलवर एखाद्या नाराज पक्षकाराने एकच तारा दिला म्हणून त्याच्या प्रकरणाची सविस्तर हकीकत उत्तरादाखल तेथेच लिहिणारा वकील हे बंधन सपशेल विसरलेला असतो.

मग त्या तेल्हाऱ्याच्या मुलीने काय करावे? माझ्या मते तिने लिहावे, मराठीत लिहावे, आणि स्वतःविषयी न लिहिता कायद्याविषयी लिहावे. वऱ्हाडातील भांडणांत धुऱ्याचे आणि पांदण रस्त्याचे भांडण नित्याचे. पूर्वापार वहिवाटीचा रस्ता शेजाऱ्याने नांगरून टाकला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या पाचव्या कलमान्वये तहसीलदाराकडे दाद मागता येते. परंतु ती अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. शेतात जावयास वाटच नसेल, तर जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाखाली धुऱ्यावरून रस्ता मागण्याचा अर्ज निराळा, आणि त्या निर्णयाविरुद्ध दिवाणी दावा लावण्याची एक वर्षाची मुदतही निराळी. हा भेद ठाऊक नसल्यामुळे जो कास्तकार शेजाऱ्याची समजूत घालण्यात, सरपंचाकडे खेटे घालण्यात आणि पेरणी उरकण्यात ते सहा महिने घालवून बसतो, त्याच्यासाठी या विषयावरचे एक स्वच्छ पान, 'धुरा' या शब्दाला 'सीमारेषा' असे कृत्रिम रूप न देता लिहिलेले, किती मोलाचे ठरेल! मोर्शी-वरुडच्या संत्राबागांचे तोंडी सौदे, कपाशीच्या बोगस बियाण्यांच्या ग्राहक तक्रारी, वारसांचे फेरफार, विषयांचा तुटवडा नाही.

ही देखील आडवळणाची जाहिरातच नव्हे काय, असा आक्षेप काही ज्येष्ठ घेतील. लेखाच्या शेवटी 'त्वरित संपर्क साधा' असे असेल, तर होय. तसे नसेल, तर ते लेखन आणि खापर्ड्यांचे सभेतील भाषण यांत तत्त्वतः कोणता फरक उरतो, हे मला कोणीतरी समजावून द्यावे. नियमाने निषेध केला आहे तो काम मागण्याचा. विद्वत्ता प्रकट करण्याचा केलेला नाही. शिवाय या निषेधाचा खरा लाभार्थी कोण, हेही पाहिले पाहिजे. वकील मौन पाळतो तेव्हा पक्षकाराला गाठण्यासाठी एस.टी. स्टँडपासून दलाल उभाच असतो. १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स अॅक्टने अशा दलालांच्या याद्या न्यायालयात लावण्याची तरतूद केली होती, आणि तो कायदा रद्द करताना २०२३ साली संसदेला तीच तरतूद अॅडव्होकेट्स अॅक्टमध्ये पुन्हा घालावी लागली. सव्वाशेहून अधिक वर्षे जो दलाल टिकला तो केवळ शिक्षेच्या धाकाने जाईल, असे मला वाटत नाही. त्याचे दुकान लोकांच्या अज्ञानावर चालते.

या कामी महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलला आणि जिल्हा वकील संघांना एक गोष्ट सहज करता येईल. २००८ च्या नियमात जी माहिती संमत आहे तेवढीच घेऊन, ज्येष्ठ-कनिष्ठ असा क्रम न लावता, केवळ वर्णानुक्रमे, तालुकावार मराठी सूची इंटरनेटवर प्रसिद्ध करावी, आणि तीत धारणी-चिखलदऱ्याचे वकीलही असावेत. त्याच पानावर ठळक अक्षरांत हेही छापावे, की स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कायद्याने पात्र ठरविलेले इतर पक्षकार यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो, आणि त्यासाठी १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो.