इजाजत कोणी दिली?

गेल्या महिन्यात एका पालकांचा फोन आला. "सर, हमारा कंप्यूटर तो गया काम से. दुकानवाला बोल्या, नया लेव." मुलगी अकरावीत. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा होता आणि मुदत दोन दिवसांवर आलेली. नवीन संगणक घ्यायचा म्हणजे त्या घराची दोन महिन्यांची कमाई.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. बटण दाबलं. चहा आला, कप रिकामा झाला, तरी पडद्यावरचं चाक फिरतच होतं. शेवटी संगणक उघडल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या आणि टास्क मॅनेजरमधली स्टार्टअपची यादी काढली. बटण दाबल्याबरोबर आपोआप उठून बसणारे सतरा प्रोग्राम. त्यात मुदत संपलेला एक अँटिव्हायरस होता, तो फक्त 'पैसे भरा' म्हणायला उठायचा. एका खेळाचा लाँचर होता. खेळणारा मुलगा कधीच पुण्याला कामाला गेला आहे. आणि एका प्रिंटरचा प्रोग्राम होता. प्रिंटर तीन वर्षांपूर्वी भंगारात विकला, पण त्याचा नोकर रोज सकाळी हजर!

सतरापैकी तेरा बंद केले. संगणक पुन्हा चालू केला, तो दीड-दोन मिनिटांत तयार. खर्च शून्य. मुलीने त्याच रात्री फॉर्म भरला.

मला राग आला, तो दुकानदाराचा नाही. आपण सगळ्यांनी ही गोष्ट मुकाट्याने मान्य केली आहे, याचा आला.

आपल्याकडे दुसऱ्याच्या दारात उभं राहून आधी सलाम करतात, आत येऊ का विचारतात, नाही म्हटलं तर परत फिरतात. सूरह नूरमध्ये याचा स्पष्ट आदेश आहे. मुलांना आपण हे लहानपणापासून शिकवतो. मग तुमच्या घरातल्या, तुमच्या पैशांनी घेतलेल्या, तुमच्या विजेवर चालणाऱ्या यंत्रात कोणीही येऊन बसतो, त्याला इजाजत कोणी दिली?

कंपन्यांचं उत्तर तयार असतं: तुम्हीच दिली, 'आय अ‍ॅग्री'वर टिचकी मारलीत. पण इंग्रजीतली तीस पानं, त्याखाली एक बटण, आणि आधीच टिक करून ठेवलेला चौकोन, याला इजाजत म्हणायचं का? उर्दूच्या तासाला मी मुलांना 'रजामंदी' आणि 'मजबूरी' यांतला फरक शिकवतो. हा फरक कंपन्यांच्या वकिलांनाही कळतो. त्यांना तो कळून घ्यायचा नाही, एवढंच.

दुसरं उत्तर: हे तुमच्या सोयीसाठी आहे, प्रोग्राम आधीच उठलेला असला की पटकन उघडतो. खरं आहे. पण पटकन उघडतो तो त्यांचा प्रोग्राम, आणि रखडतं ते तुमचं काम. ज्याच्याकडे सोळा जीबी रॅम आणि एसएसडी आहे त्याला हे ओझं जाणवतही नाही. आपल्या मोहल्ल्यात संगणक येतो तो बहुधा सेकंडहँड, चार जीबी रॅमचा, जुन्या हार्ड डिस्कचा. इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रोजच्या दीड-दोन जीबीच्या हिशेबात. तिथे प्रत्येक बिनकामाचा प्रोग्राम वाटा खातो. म्हणजे हा कर आहे, आणि तो गरिबाकडूनच जास्त वसूल होतो.

हे बदलता येत नाही असंही नाही. युरोपमध्ये डिजिटल मार्केट्स कायदा आला आणि मार्च २०२४ पासून तिथल्या विंडोज वापरणाऱ्याला एज ब्राउझर सरळ काढून टाकण्याची मुभा मिळाली. जे काढताच येणार नाही असं सांगत होते, ते कायद्याने सांगितल्यावर काढता आलं. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. आधीपासून टाकलेली अ‍ॅप्स काढू द्या, असाही आदेश दिला. मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण अ‍ॅप्स काढू देण्याचा तो आदेश रद्द केला. दंड सरकारजमा, गिऱ्हाईक आहे तिथेच.

आणि सरकारलाही हा मोह सुटत नाही. नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' अ‍ॅप आधीच टाकण्याचा आदेश काढला. लोक बोलले, विरोधी पक्ष बोलले, आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घ्यावी लागली. बोलल्याने फरक पडतो, तो असा.

आता आपल्या लोकांची एक वाईट खोड. संगणक मंद झाला की 'स्पीड वाढवणारं', 'कचरा साफ करणारं' फुकटचं सॉफ्टवेअर टाकायचं. म्हणजे पाहुणे घालवायला आणखी एक पाहुणा बोलवायचा. सीक्लीनर हे यातलं सर्वांत प्रसिद्ध नाव. २०१७ मध्ये त्याच्याच अधिकृत आवृत्तीत चोरांनी आपला प्रोग्राम घुसवला आणि ती आवृत्ती जगभरात वीस लाखांहून अधिक संगणकांवर गेली. अवास्टचा फुकट अँटिव्हायरस लोकांनी रक्षणासाठी घेतला. कंपनी त्यांच्या ब्राउझिंगची माहिती जमवून उपकंपनीमार्फत विकत होती. २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. पहारेकरीच घरातली खबर बाहेर देत होता.

म्हणून बाहेरचं काही टाकू नका. लागणारी सोय विंडोजमध्येच आहे. वर सांगितलेल्या तीन कळा दाबा. 'स्टार्टअप' किंवा 'स्टार्टअप अ‍ॅप्स' असं जिथे लिहिलं आहे तिथे जा. प्रत्येक नावापुढे सुरुवातीचा भार हाय, मीडियम की लो, ते लिहिलेलं असतं. नको त्या नावावर उजवी टिचकी मारून 'डिसेबल' करा. यात प्रोग्राम पुसला जात नाही; तुम्ही बोलवाल तेव्हा येतो, एवढंच. चूक झाली तर तिथेच 'एनेबल' आहे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम' या भागात ब्राउझर बंद केल्यावरही मागे चालू राहण्याची परवानगी असते, ती काढून घ्या. एजमध्ये 'स्टार्टअप बूस्ट' आहे, तेही बंद करा. हॉटस्पॉट वापरत असाल तर त्या वायफायच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. मग विंडोज स्वतःची मोठी डाउनलोड बरीचशी रोखून धरतं.

पण हात आवरा. विंडोज सिक्युरिटी, आवाजाचा आणि टचपॅडचा ड्रायव्हर यांना हात लावू नका. 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' हे नाव भीतीदायक वाटतं, पण तो विंडोजचा स्वतःचा पहारेकरी आहे. 'सिस्टीम आयडल प्रोसेस' ९५ टक्के दाखवत असेल तर घाबरू नका. त्याचा अर्थ प्रोसेसर तेवढा वेळ रिकामा बसला आहे. ज्याचं नाव ओळखीचं नाही, त्याची आधी चौकशी करा. फोटो क्लाउडवर जात असतील आणि ते तुम्हाला हवं असेल, तर तो प्रोग्राम खुशाल ठेवा. सगळं बंद करा असं मी म्हणत नाही. काय चालावं हे मालकाने ठरवावं, एवढंच म्हणतो.

हेही कबूल करतो की प्रत्येक संगणक असा वाचत नाही. हार्ड डिस्कच थकली असेल तर यादी रिकामी करूनही ती धावणार नाही. विंडोज १० चं मोफत नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं, त्याचा विचारही करावाच लागेल. पण नवीन घ्यायचा निर्णय यादी पाहिल्यानंतर घ्या, आधी नाही.

दोष आपलाही आहे. आम्ही शिक्षकांनी संगणकाची परीक्षा दिली, प्रमाणपत्र सेवापुस्तकात लावलं आणि विषय संपला असं समजलो. प्रोग्राम कसा उघडायचा हे शिकलो. कोणी न सांगता काय उघडतं हे कधी विचारलं नाही. आणि जे आपण विचारलं नाही ते मुलांना कुठून शिकवणार?

त्या घरातून निघताना ती मुलगी म्हणाली, "सर, मला ती यादी परत दाखवा ना, मी लिहून घेते." लिहून घेतलं. दुसऱ्या रविवारी तिने मामूचा आणि शेजारच्या खालाचा संगणक दुरुस्त केला. दोन्हीकडे पैसे घेतले नाहीत. मी सांगितलं, पुढच्या वेळी घे.

तुमच्या घरात संगणक असेल तर आज रात्री ती यादी उघडा. प्रत्येक नावाला एकच प्रश्न विचारा: तुला कोणी बोलावलं?