गाडी शिकायची तर शाळा आपणच निवडू

बाईने गाडी शिकावी की नाही, यावरचा वाद आता बराच थंडावला आहे. खेड्यापाड्यांतही ‘शिक की, कोण नको म्हणतंय?’ असे म्हणणारे नवरे आणि भाऊ भेटतात. पण शिकायचे कुठे, कोणाकडे, किती दिवस आणि कोणत्या गाडीवर, हे ठरवायची वेळ आली की तो निर्णय पुन्हा त्यांच्याच हातात जातो. आमचे म्हणणे असे आहे की ड्रायव्हिंग स्कूलची निवड शिकणारीनेच केली पाहिजे. ही निवड चुकली तर पैसे तर जातातच, शिवाय बाईचा धीर जातो आणि ‘बघ, तुला जमणार नाही म्हणत होतो’ हे वाक्य जन्मभर ऐकावे लागते.

डोळखांबचे उदाहरण घेऊ. शहापूर तालुक्यातले हे गाव आजोबाच्या डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. आसपासच्या पाड्यांवरची ठाकर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी माणसे लहानमोठ्या कामांसाठी डोळखांबला येतात आणि मोठ्या कामासाठी शेणव्यावरून शहापूर गाठतात. एसटी चुकली तर टमटम किंवा जीप, आणि तीही मिळाली नाही तर पायपीट. बाळंतपणाची कळ, साप चावलेले मूल, कॉलेजची परीक्षा, आसनगाव-वाशिंदकडची नोकरी, या सगळ्याला वाहन लागते. वाहन चालवणारा मात्र जवळजवळ नेहमी पुरुष असतो. तो शेतावर असला, कामाला गेला असला किंवा शुद्धीत नसला, तर दारात उभ्या असलेल्या गाडीचा घरातल्या बाईला काही उपयोग नाही. म्हणून आपल्याकडे गाडी शिकणे ही हौस नाही, गरज आहे.

घरातले पुरुष ड्रायव्हिंग स्कूल निवडतात ते साधारण तीन गोष्टी बघून. मालक ओळखीचा आहे का, पैसे कमी पडतील का, आणि लायसनची हमी देतो का. यातली एकही गोष्ट शिकण्याशी संबंधित नाही. ‘लायसन आमच्याकडे लागलं’ म्हणणाऱ्याला तुम्हाला गाडी येते की नाही याच्याशी देणेघेणे नसते. मग चार-पाच दिवस मोकळ्या रस्त्यावर फेरी होते, मास्तर आपल्या बाजूच्या ब्रेकवर आणि क्लचवर पाय ठेवून बसतात, आपण नुसते स्टिअरिंग धरतो आणि वाटते की गाडी चालतेय. नंतर घरच्या गाडीवर बसले की ती पहिल्याच चढावर बंद पडते, मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवतो आणि बाई किल्ली परत देऊन टाकते. लायसन कपाटात, साडीच्या घडीखाली. अशा कितीतरी जणी आपल्या ओळखीत असतील.

कायदा यापेक्षा बराच बरा आहे, पण तो आपल्याला कोणी सांगत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा आणि त्याखालचे केंद्रीय नियम १९८९ चे. या नियमांप्रमाणे ड्रायव्हिंग स्कूलला परिवहन खात्याचा परवाना लागतो आणि तो स्कूलमध्ये सर्वांना दिसेल असा लावावा लागतो. शिकवण्याच्या मोटारीला मास्तरांच्या बाजूलाही नियंत्रण असावे लागते. खाजगी मोटार शिकवायची तर शिक्षण किमान २१ दिवसांचे आणि प्रत्यक्ष गाडी चालवणे किमान १० तासांचे, असे नियम सांगतो. शिवाय वाहतुकीचे नियम आणि प्रथमोपचारही शिकवायचे असतात. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याने कोणत्या तारखेला किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत गाडी चालवली, याची नोंदवही ठेवावी लागते आणि तिच्यावर मास्तरांबरोबर शिकणाऱ्याचीही सही असते. ही वही मागा. न चालवलेल्या तासापुढे सही करू नका. कोऱ्या रकान्यांवर एकदम दहा सह्या घेतल्या जात असतील तर ती शाळा आपल्या कामाची नाही, मग मालक सासऱ्यांचा कितीही जवळचा मित्र असो.

आता ज्या गोष्टीबद्दल बायका बोलत नाहीत तिच्याबद्दल बोलू. बंद मोटारीत, शेजारच्या आसनावर परका पुरुष असतो. गियर दाखवताना हातावर हात राहतो, बेल्ट लावून देण्याच्या निमित्ताने अंगचटीला येणे होते, नको ते प्रश्न विचारले जातात. सगळे मास्तर असे नसतात. पण जिच्या वाट्याला हे येते ती घरी सांगत नाही. सांगितले तर मास्तरांना जाब विचारण्याआधी तिचा क्लास बंद होईल, हे तिला पक्के माहीत असते. म्हणजे अपराध एकाचा आणि शिक्षा दुसरीला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त नोकरदार बायकांसाठी आहे असा समज आहे. तो बरोबर नाही. शिक्षण देणाऱ्या, सेवा पुरवणाऱ्या खाजगी व्यवसायाच्या ठिकाणी गेलेली, तिथे नोकरीला नसलेली बाईही या कायद्याखाली तक्रार करू शकते. जिथे दहापेक्षा कमी माणसे कामाला आहेत अशा ठिकाणांसाठी जिल्ह्याला स्थानिक समिती असते, तिच्याकडे तक्रार करायची असते. घरच्यांना आमचे सांगणे एवढेच की मुलीने असे काही सांगितले तर स्कूल बदला, तिचे शिकणे बंद करू नका.

तेव्हा पैसे भरण्याआधी स्वतः जा. एकटीने नको, दोघी-तिघी मिळून जा आणि हे प्रश्न विचारा :

१. परवाना कुठे लावला आहे, त्याची मुदत कधी संपते?
२. शिकवणारे कोण? बाई शिक्षक आहेत का? नसल्यास दोन विद्यार्थिनींना एकाच वेळी गाडीत घेता येईल का? (एक चालवते, दुसरी मागे बसून बघते. यात शिकणेही होते आणि सोबतही.)
३. रोज किती वेळ स्टिअरिंग माझ्या हातात असेल? मागे बसलेला वेळ माझ्या दहा तासांत धरणार का?
४. चढावर गाडी उचलणे, मागे घेणे, रात्रीचे चालवणे, हायवेवर चढणे आणि उतरणे शिकवणार का? शेवटच्या दिवसांत मास्तर पाय बाजूला ठेवून बसतील का?
५. एकूण पैशांत शासनाची फी किती आणि तुमची किती? पावती मिळेल का?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर टाळले जाते. म्हणून लक्षात ठेवा, २०१६ च्या अखेरीस ठरलेल्या केंद्रीय दरांनुसार शिकाऊ लायसनला १५० रुपये, त्याच्या चाचणीला ५०, पुढे गाडी चालवण्याच्या चाचणीला ३०० आणि लायसनला २०० अशी मूळ शासकीय फी आहे. वर कार्डाचा वगैरे थोडा आकार येतो. उरलेले पैसे शिकवण्याचे आहेत, तर शिकवणे पुरेपूर घ्या. शिकाऊ लायसन सहा महिने चालते आणि पक्क्यासाठी ३० दिवसांनंतरच अर्ज करता येतो, तेव्हा घाई करण्याचे कारण नाही. लावणीच्या दिवसांत नाव घालू नका, निम्मे तास बुडतील. भात घरात आल्यावर नाव घाला.

शाळा हाती नसली तर हक्क कागदावर राहतो, हे जगाने पाहिले आहे. सौदी अरेबियात १९९० साली रियाधच्या रस्त्यावर ४७ बायकांनी मोटारी चालवून बंदी मोडली. प्रत्यक्ष परवानगी मिळायला जून २०१८ उजाडला. पण तेव्हा बायकांना शिकवणाऱ्या शाळा मोजक्याच होत्या आणि त्यांची फी पुरुषांच्या कितीतरी पट होती. याउलट तामिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या वर्षांत साक्षरता चळवळीबरोबर हजारो गरीब बायका सायकल शिकल्या, आणि शिकलेलीने दुसरीला शिकवले. तिथे शाळा बायकांच्या हातात होती.

‘शिकून करणार काय?’ असे विचारणाऱ्यांना उत्तरे आहेत. परभणीच्या शीला डावरे १९८८ साली पुण्यात रिक्षा चालवू लागल्या. एसटीने २०१९ मध्ये बायकांना चालक म्हणून प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली आणि २०२३ पासून त्या प्रवासी घेऊन रस्त्यावर आल्या. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितले की हलक्या वाहनाच्या लायसनवर साडेसात हजार किलोपर्यंतच्या वजनाचे मालवाहू वाहनही चालवता येते. म्हणजे तेच लायसन घेऊन डोळखांबची बाई भाजीचा पिकअप शहापूरला नेऊ शकते. राज्य सरकारने २०२४ च्या अर्थसंकल्पात दहा हजार बायकांना पिंक ई-रिक्षा द्यायचे जाहीर केले, पण ते सतरा शहरांसाठी. जिथे रात्री एकही गाडी मिळत नाही त्या गावांचा विचार त्यात नव्हता.

म्हणून मागणी आपणच केली पाहिजे. शहापूरला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, तिथे बायकांच्या वाहन प्रशिक्षणासाठी अर्ज द्या. ग्रामसभेत विषय मांडा. आणि सर्वांत सोपे म्हणजे बचत गटातल्या आठ-दहा जणी एकत्र येऊन शहापूरच्या किंवा मुरबाडच्या स्कूलवाल्याशी बोला : आम्ही दहा जणी आहोत, गाडी डोळखांबला आणा, तास इथे घ्या, वही इथेच भरा. एकटीला ‘बघू’ म्हणणारा मालक दहा जणींना तसे म्हणत नाही. रोज तासभर जाण्याचा आणि तासभर येण्याचा वेळ वाचला तर घरच्या कामाची सबबही उरणार नाही.

ज्या गटांनी असे केले आहे त्यांनी आम्हाला जरूर कळवावे. किती तास मिळाले, मास्तर कसे होते, किती जणी आज खरोखर गाडी चालवतात, हे इतरजणींना वाचायला हवे आहे.