अग्निशामक कायदा नुसता उंच इमारतींचा नाही, आपल्या नावांचाही आहे



दरवर्षी हिवाळ्यात अख्खं सरकार बेंगळूरहून उठून आपल्या दारात येतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये उद्घाटन झालेलं सुवर्ण विधानसौध बेळगुंदीहून मोटारसायकलनं तासाभराच्या आत गाठता येतं. अधिवेशनाच्या त्या दिवसांत आपल्याकडं चर्चा कशाची असते? महामेळाव्याला परवानगी मिळाली की नाही, बंदोबस्त किती लावलाय, कुठला रस्ता बंद आहे. हे विषय आपल्या जिव्हाळ्याचे आहेत, त्यावर वाद नाही. पण त्याच दिवसांत आत सभागृहात कुठली विधेयकं आली, कुठली गोंधळात मंजूर झाली, हे आपल्यातल्या एकालाही सांगता येत नाही. मासेमारीच्या परवान्यांचं काही असलं तर निदान कुणीतरी कान टवकारतो. बाकीचं सगळं वाऱ्यावर.

आज आम्हाला लिहायचंय ते अग्निशामक सेवेच्या कायद्याबद्दल. 'आमचा त्याच्याशी काय संबंध? तो कायदा बिल्डरांचा,' असं पहिल्याच वाक्याला म्हणणारे भेटतात. संबंध आहे, आणि चांगलाच आहे.

आधी नाव बघा. आपल्या राज्यात त्या खात्याचं नाव आता नुसतं अग्निशामक दल नाही, 'अग्निशामक आणि आपत्कालीन सेवा' आहे. पूर आला, कुणी बुडालं, विहिरीत पडलं, तर १०१ किंवा ११२ ला फोन जातो आणि लाल गाडी निघते. ती गाडी नदीकाठी पोचली की दुसरा फोन कुणाला जातो ते आपल्याला माहीत आहे. 'तुमची नाव पाठवा, पाण्याची माहिती असलेली दोन माणसं पाठवा.' कृष्णा, घटप्रभा, दूधगंगा, वेदगंगा, मार्कंडेय, कुठंही जा, प्रवाह कुठं ओढतो आणि खड्डा कुठं आहे हे जाळं टाकणाऱ्या माणसाइतकं कुणाला ठाऊक नसतं. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात हेच झालं. वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ चढलं आणि राष्ट्रीय महामार्ग बंद पडला, तेव्हा नावच कामाला आली. म्हणजे आपत्कालीन सेवेचा अर्धा भार आपण उचलतोच आहोत. फक्त कायद्यात आपलं नाव नाही.

आता यातली खरी मेख. ग्रामपंचायत आणि नगरपालिका यांना कुठले विषय द्यायचे, याच्या दोन याद्या राज्यघटनेत आहेत. पंचायतींची यादी म्हणजे अकरावी अनुसूची. तिच्यात २९ विषय आहेत आणि पाचवा विषय मत्स्यव्यवसाय आहे. शहरांची यादी म्हणजे बारावी अनुसूची, तिच्यात १८ विषय आहेत आणि सातवा विषय अग्निशामक सेवा आहे. १९९३ पासून हे असं आहे. म्हणजे मासा गावाच्या यादीत, आग शहराच्या यादीत. गावच्या गवताच्या गंजीला आग लागली, उसाच्या फडाला लागली, काठावर बांधलेल्या नावेला लागली, तर पंचायतीच्या यादीत तो विषयच नाही. पीडीओसाहेबांवर चिडून काही उपयोग नाही, त्यांच्या हातात ते दिलेलंच नाही.

त्यातही महाराष्ट्र आणि कर्नाटक यांची रीत वेगळी. तिकडं कोल्हापूर, इचलकरंजीसारख्या शहरांत बंब महापालिकेचा असतो. आपल्याकडं तो थेट राज्याचा, गृह खात्याखालचा. त्यामुळं बेळगुंदीच्या माणसाला तक्रार करायची असो की मागणी, शेवटचा उंबरा विधानसौधाचाच. मधे कुणी नाही. एका अर्थी हे सोपंही आहे, कारण शंभर ठिकाणी लक्ष ठेवावं लागत नाही. एकाच कायद्यावर ठेवायचं.

तो कायदा म्हणजे १९६४ चा कर्नाटक अग्निशामक दल कायदा. तेव्हा आपल्या राज्याचं नावसुद्धा म्हैसूर होतं आणि हिडकलचं धरण पूर्ण व्हायला अजून तेरा वर्षं होती. साठ वर्षांचा जुना कायदा, त्याला वेळोवेळी ठिगळं लावत आणलाय. आता नव्यानं बदल होण्याची चिन्हं आहेत, आणि त्याला कारण आहे पैसा. केंद्रीय गृह मंत्रालयानं सप्टेंबर २०१९ मध्ये अग्निशामक आणि आपत्कालीन सेवेच्या विधेयकाचा नमुना सगळ्या राज्यांना पाठवला. जुलै २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशामक सेवा वाढवायला ५,००० कोटी रुपयांची योजना काढली. त्यातले ५०० कोटी रुपये कायद्यात आणि यंत्रणेत सुधारणा करणाऱ्या राज्यांना प्रोत्साहन म्हणून राखून ठेवले. कायदा बदला आणि निधी घ्या, असा सरळ व्यवहार आहे. त्यामुळं या विषयाची विधेयकं आज ना उद्या सभागृहात येणारच. प्रश्न एवढाच की ती येतील तेव्हा आपण जागे असणार का.

असं विधेयक आलं की पेपरात काय छापून येतं? इमारतीची उंची किती मीटर, ना हरकत दाखला कुणाला, उपकर किती. सगळं शहराचं. महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्यातही भर इमारतीच्या मालकावर आणि वापरणाऱ्यावर आहे. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं. (कागल-कोल्हापूरकडं ज्यांचे बर्फाचे कारखाने किंवा शीतगृहं आहेत त्यांनी हे आजच तपासावं, अमोनियाशी खेळ नको.) पण नाव इमारत नव्हे. तिला जिना नाही, मजला नाही. तिच्यात डिझेल असतं, बॅटरी असते, चहा-भाकरीसाठी छोटा सिलिंडर असतो, आणि शेजारी अशाच दहा नावा दोरीला दोरी लावून बांधलेल्या असतात.

काय होऊ शकतं ते २०२३ च्या नोव्हेंबरात दिसलं. दिवाळीत आपल्याच राज्यात उडुपी जिल्ह्यातल्या गंगोळीला उभ्या बोटी जळाल्या. आठवडा झाला नाही तोच १९ नोव्हेंबरच्या रात्री विशाखापट्टणमच्या मच्छीमार बंदरात आग लागली आणि चाळीसेक बोटी गेल्या. तिथल्या सरकारनं बोटीच्या किमतीच्या ८० टक्के भरपाई जाहीर केली. चांगलंच केलं. पण जाहीर करणं म्हणजे मेहेरबानी. निवडणूक जवळ असली, टीव्हीवर चित्रं दिसली, तर मिळते. हिडकलच्या काठावर कुणाची एकच नाव जळाली तर कॅमेरा येत नाही, आणि मेहेरबानीही येत नाही.

केरळचंही तसंच. २०१८ च्या महापुरात तिथल्या मच्छीमारांनी ट्रकवर बोटी चढवून आत गावागावात नेल्या, हजारो माणसं वाचवली. सरकारनं बोटीमागं रोज ३,००० रुपये, इंधन आणि मोडलेल्या बोटींची दुरुस्ती जाहीर केली. साऱ्या देशानं कौतुक केलं. आमचा प्रश्न कौतुकाचा नाही. पुढच्या पुरात, दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या मुख्यमंत्र्यांच्या काळात तेच मिळेल का, याची खात्री कोण देणार?

खात्री देणारी एक तरतूद आहे, आणि ती आपल्या लोकांना माहीत नाही. २००५ चा केंद्राचा आपत्ती व्यवस्थापन कायदा. त्याच्या कलम ६५ प्रमाणं बचावकार्यासाठी अधिकारी तुमचं वाहन ताब्यात घेऊ शकतात, पण लेखी आदेश काढून. कलम ६६ प्रमाणं त्याचं भाडं द्यावं लागतं, त्या भागात चालू असलेल्या दरानं, आणि रक्कम मान्य नसेल तर मालकाला लवादाकडं जाता येतं. 'वाहन' म्हणजे काय तेही तिथं लिहिलंय, वाहतुकीला उपयोगी पडणारं, मग ते इंजिनावर चालो की इंजिनाशिवाय. आमच्या मते वल्ह्याची नाव यात सरळ बसते. पण आपल्याकडं काय होतं? फोन येतो, माणूस माणुसकीनं निघतो, नाव खडकावर आपटते, जाळं फाटतं, आणि नंतर कुठल्याही कार्यालयात गेलं की पहिला प्रश्न, 'आदेश कुठाय?'

शिवाय हा कायदा आपत्तीसाठी. महापूर ही आपत्ती झाली. एखादा पोरगा पोहायला गेला आणि बुडाला, तर त्यासाठी कोण कलम ६५ चा आदेश काढणार? तिथं येते ती अग्निशामक सेवा, आणि तिच्या हाताखाली दोन-दोन दिवस पाण्यात राहतो तो आपला माणूस. म्हणून आमचं म्हणणं असं की कलम ६५-६६ सारखीच तरतूद राज्याच्या अग्निशामक कायद्यात हवी. सेवेच्या अधिकाऱ्यानं नाव किंवा माणूस मागवला की तिथल्या तिथं चिठ्ठी, दिवसाचं भाडं, नुकसानीची भरपाई, आणि त्या कामात माणूस गेला किंवा अधू झाला तर दलाच्या जवानाच्या घरच्यांना जे मिळतं त्याच्या तोडीचं काहीतरी. बचावाची नाव किती भरायची, जाकीट कुणी द्यायचं, हेही त्यातच यायला हवं. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी बोट उलटली, हे आपण विसरलेलो नाही. त्या बोटीत तिच्या ताकदीपेक्षा जास्त माणसं होती. जीव वाचवायला आलेल्या नावेत गर्दी होणारच, तिथं 'बस, आता नाही' म्हणायचा अधिकार नावाड्याला कायद्यानं दिला पाहिजे. नाहीतर नाही म्हटलं तरी शिव्या, आणि हो म्हटलं तर गुन्हा.

दुसरी गोष्ट अंतराची. देशाच्या अग्निशामक सल्लागार समितीचं मानक असं की ग्रामीण भागात गाडी २० मिनिटांत पोचावी आणि दर ५० चौरस किलोमीटरला एक केंद्र असावं. बेळगाव जिल्हा १३,४१५ चौरस किलोमीटरचा. भागाकार करा, अडीचशेच्या वर केंद्रं होतात. कागदावरची मानकं किती हवेत असतात ते यावरून कळतं. एवढी केंद्रं कुणी देणार नाही, आम्हीही मागणार नाही. पण नवीन उपकर येणार असेल तर त्यातला ठराविक हिस्सा नदीकाठच्या आणि धरणाकाठच्या तालुक्यांसाठी राखून ठेवा, एवढं मागायला हरकत नाही. आणि सगळ्या ठिकाणी मोठा बंबच कशाला? नदीकाठच्या गावात एक छोटा पंप, होज पाइप, चार जाकिटं, दोर आणि शिकवलेली आठ पोरं असली तरी पहिली वीस मिनिटं निभावतात.

आता लक्ष ठेवायचं कसं? विधेयक विधानसभेत मांडलं जातं, मग विधान परिषदेत जातं, राज्यपालांची सही होते, आणि राजपत्रात छापून आलं की त्याचा कायदा होतो. हे सगळं कधीकधी चार-पाच दिवसांत उरकतं, तेवढ्यात आपल्याला आमदार गाठायचेत. पण कायदा झाला तरी खेळ संपत नाही. दर, अर्ज, मुदत, भरपाई हे बारीक सगळं नियमांत येतं. बहुतेक वेळा नियमांचा मसुदा आधी राजपत्रात छापतात आणि हरकती-सूचना मागवतात. आपली खरी संधी तिथं आहे, कारण एखाद्या सोसायटीनं ठरावासह लेखी हरकत पाठवली की ती नोंदवून घ्यावी लागते. गावकऱ्यांचा नुसता आरडाओरडा कुणी नोंदवत नाही.

अडचण भाषेची आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. राजपत्र कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. १५ टक्क्यांहून जास्त अल्पभाषिक असलेल्या भागात महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे १९५६ पासून मान्य झालेलं धोरण आहे. ते पाळलं जावं ही मागणी आपण सोडायची नाही. पण ते पाळलं जाईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं, हे आम्हाला पटत नाही. आपली पोरं कन्नड शाळेत शिकलीत, कॉलेजात गेलीत. हुक्केरी, अथणीकडचे अंबिगेर बांधव आपल्याच धंद्यातले आहेत, त्यांना कन्नड येतं आणि त्यांचंही दुखणं हेच आहे. त्यांच्या सोसायट्यांबरोबर मिळून एकच निवेदन दोन भाषांत दिलं तर 'हे सीमावाल्यांचं काहीतरी असणार' म्हणून बाजूला सारता येणार नाही. आम्हाला तर वाटतं, मराठी निवेदनापेक्षा जास्त वजन या जोड निवेदनाला येईल. काही सभासदांना हे रुचणार नाही, त्यांनी आमसभेत जरूर बोलावं.

येत्या आमसभेत हा विषय ठेवतोय. कन्नड वाचता येणारी दोन तरुण मुलं-मुली हवीत. अधिवेशन चालू असताना रोज विधेयकांची यादी बघायची, अग्निशामक, आपत्ती, जलाशय किंवा नाव यांचा उल्लेख दिसला की मजकूर उतरवून घ्यायचा, आणि मराठीत पाच-सहा ओळींत या पानावर टाकायचं. मोबाइलचा खर्च सोसायटी देईल. तोवर एवढं करा. कुणीही बचावाच्या कामाला नाव मागितली तर नाव पाठवाच, जीव महत्त्वाचा. पण मागणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि वेळ वहीत लिहून घ्या, निघताना नावेचा फोटो काढा, आणि परत आल्यावर त्याच दिवशी तहसीलदार कचेरीत अर्ज देऊन पोच घ्या. अर्जाचा नमुना सोसायटीच्या ऑफिसात ठेवलाय.