कोरडे फडके, कोरडी काठी

गेल्या पावसाळ्यात आमच्या खालांचा हात भाजला. पुलावाचे पातेले उतरवताना ओट्यावरचे हाताला आले ते फडके त्यांनी घेतले, आणि ते ओले होते. दोन पावलेही झाली नसतील, चटका बसला आणि पातेले खाली. नंतर हाताला मलम लावताना त्या मला म्हणाल्या, "अगं, कापड तर रोजचेच होते ना?"

कापड तेच होते. पण उष्णता अडवते ती मुख्यतः धाग्यांमध्ये अडकलेली हवा. फडके ओले झाले की हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी हवेच्या वीसपटीहून जास्त वेगाने उष्णता हाताकडे पोचवते. वर त्याची वाफ होते, ती वेगळीच भाजते. गादीचेही तसेच. कापूस दबून चपटा झाला की ऊब जाते, आणि पिंजाऱ्याने तो पिंजून दिला की परत येते. नवा कापूस घालायची गरज नसते, त्याने आत हवा भरून दिलेली असते.

विजेच्या बाबतीतही ओल हीच वैरीण. कोरडे लाकूड घरातल्या 230 व्होल्टच्या विजेला अडवते, भिजलेले लाकूड तिला वाट देते. कुकरची काळी मूठ आणि जुनी काळी बटणे बेकेलाइटची असत. लिओ बेकलँड यांनी 1907 मध्ये शोधलेला हा पदार्थ वीज आणि उष्णता दोन्ही अडवतो, आणि एकदा घट्ट झाला की तापवूनही वितळत नाही. जुन्या इस्त्रीत मात्र गंमत आहे. तिथे वीज अडायला हवी, पण उष्णता तळापर्यंत जायला हवी. म्हणून तापणारी तार अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांमध्ये ठेवत. पापुद्रा फाटला की इस्त्री झटका देऊ लागते. तशी इस्त्री वापरू नका.

आमच्या अंगणात कपडे वाळत घालायला लोखंडी तार होती. घरात येणाऱ्या विजेच्या वायरीचे आवरण उन्हाने तडकले होते आणि ती पत्र्याला घासत होती. तार त्याच पत्र्याच्या खांबाला बांधलेली. "जरा झिणझिण्या येतात" असे आम्ही चार दिवस म्हणत राहिलो! पाचव्या दिवशी भाचा ओल्या अंगाने तिला चिकटला. नशीब, शेजारच्या काकांनी धावत जाऊन मेन स्विच बंद केला.

स्विच हाताशी नसेल तर कोरड्या पाटावर उभे राहून कोरड्या लाकडी काठीने माणसाला तारेपासून ढकलावे. हाताने ओढू नये, ओढणाराही चिकटतो. रस्त्यावर तुटून पडलेली तार असेल तर काठीही नको. लांब राहून वीज कार्यालयाला फोन करावा.

वायर बदलून घेतली, तारेच्या जागी नायलॉनची दोरी आली. खालांनी ओट्याजवळ दोन खिळे ठोकून घेतले आहेत, एक पुसायच्या फडक्याला, एक पातेल्याच्या. काठी मात्र अजून अंगणातच भिजते आहे.