कूलरच्या टाकीतले पाणी



जुलै लागला की वऱ्हाडातल्या बहुतेक घरांत एक काम अर्धवट राहते. मार्चपासून रात्रंदिवस चाललेला कूलर मृगाच्या दोन-तीन सरी पडल्या की बंद होतो. बटण बंद होते, टाकीतले पाणी मात्र तसेच राहते. अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, अमरावतीही फार मागे नसते. कूलरशिवाय लेकरांना दुपारी झोपवणे शक्य नाही. म्हणून कूलरला नावे ठेवण्यासाठी हा लेख नाही. त्या उरलेल्या पाण्याबद्दल थोडे बोलायचे आहे.

गेल्या वर्षी याच दिवसांत आमच्या धाकट्या मुलाच्या सहा वर्षांच्या लेकीला ताप आला. डोळे दुखत होते, अंग ठणकत होते, तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. तपासणीत डेंग्यू निघाला. पाच दिवस दवाखान्यात काढले. दर सकाळी प्लेटलेटचा आकडा येईपर्यंत घरातल्या कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. अल्लाहच्या कृपेने पोरगी बरी होऊन घरी आली. त्याच आठवड्यात गल्लीतली आणखी दोन मुले तापाने पडली होती.

आमचा सगळा राग गल्लीच्या तोंडाशी तुंबलेल्या नालीवर होता. आशाताई घरी आल्या तेव्हा आम्ही त्यांना हाताला धरून ती नालीच दाखवली. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “नाली साफ व्हायलाच पाहिजे, पण हा मच्छर नालीतला नाही. मला गच्चीवर नेता का?” बॅटरीच्या उजेडात आमच्याच कूलरच्या टाकीत वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या. फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्येही दिसल्या. शेजारच्या भाभी वर आल्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, “पाऊस लागल्यापासून आमीबी वर जाऊन पाह्यलंच नाई.” त्या वेळी आम्हाला काय वाटले ते सांगायला शब्द नाहीत. ती दोन मुले कुणाच्या मच्छरामुळे आजारी पडली, हे कुणीच सांगू शकणार नाही. पण तो आमच्या गच्चीवरचा नव्हता, असेही आम्ही छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही.

डेंग्यूचा मच्छर म्हणजे एडिस. त्याला घाण लागत नाही. घरात साठवलेले स्वच्छ, स्थिर पाणी त्याला आवडते. ड्रम, रांजण, सिमेंटची टाकी, कूलर, कुंडीखालची बशी, गच्चीवरचा जुना टायर, पक्ष्यांसाठी ठेवलेले भांडे, काहीही चालते. अंड्यापासून उडणारा मच्छर व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. मादी अंडी घालते ती पाण्याच्या कडेला, भांड्याच्या भिंतीला चिकटवून. ही अंडी कोरड्या भांड्यातही कित्येक महिने टिकतात आणि पाणी मिळाले की जागी होतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, भांडे आतून घासावे लागते. हा मच्छर दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळच्या आधी, म्हणजे मुले अंगणात किंवा मकतबमध्ये असतात तेव्हा.

तो फार लांब उडत नाही. शे-दोनशे मीटरच्या आतच त्याचा बहुतेक जन्म जातो. म्हणजे आपल्या मुलाला चावणारा मच्छर आपल्या घरातला असतो, नाहीतर चार घरे पलीकडचा. एकाने घर आरशासारखे ठेवले आणि पलीकडच्या गच्चीवर कूलर भरलेला राहिला, तर पहिल्याची मेहनत वाया जाते. या आजारात एका घराची स्वच्छता पुरत नाही, पूर्ण गल्ली लागते. धुराची गाडी आली की सगळ्यांना बरे वाटते, पण धुराने फक्त उडणारे मच्छर मरतात. टाकीतल्या अळ्या आठवडाभरात पुन्हा मच्छर होतात.

आपल्याकडे पाणी साठवणे ही हौस नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा असा खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथल्या विहिरीचे आणि बोअरचे पाणी अनेक ठिकाणी पिता येत नाही. अकोला शहर महानच्या काटेपूर्णा धरणावर आणि अमरावती शहर सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणावर तहान भागवते. नळ रोज येत नाही, तेव्हा बाई ड्रम भरून ठेवणारच. तिला “पाणी साठवू नका” असे सांगणे म्हणजे तिची अडचण न समजणे. साठवा, पण झाका आणि घासा, एवढेच सांगणे योग्य.

दुसरी अडचण आपल्या घरांची आहे. दुपारी पाहणीला पुरुष कर्मचारी येतात तेव्हा घरी फक्त बायका असतात. दार उघडले जात नाही, किंवा “सगळं साफ आहे” असे आतून सांगितले जाते. पडद्याचा मान राखूनही हे काम होऊ शकते. शाळा-कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलींना अळी कशी दिसते हे एकदा दाखवा. दोघी-दोघींनी गल्लीतली दहा-दहा घरे वाटून घेतली, तर त्यांना कोणत्याही गच्चीवर मज्जाव नाही. आशाताईंनाही त्यांचा आधार होतो.

असे लोकांनी मिळून केल्याने खरेच फरक पडतो का? निकाराग्वा आणि मेक्सिको या दोन देशांत याची मोठी चाचणी झाली. काही वस्त्यांत लोकांना त्यांच्याच घरातल्या अळ्या दाखवल्या आणि काय करायचे ते ठरवणे त्यांच्यावरच सोडले. बाकी वस्त्या जशा होत्या तशा ठेवल्या. मग 3 ते 9 वर्षांच्या मुलांची लाळ तपासून डेंग्यूची लागण मोजली. जिथे लोक एकत्र आले, तिथे ती जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी निघाली. 2015 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आपल्याला मात्र इतक्या लांब जायची गरज नाही. गाडगेबाबा याच मातीतले. 1876 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्म, बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात मामाच्या घरी. शाळा न शिकलेला हा माणूस गावात शिरला की आधी खराटा हातात घ्यायचा, दिवसभर गाव झाडायचा आणि बोलणे रात्रीच्या कीर्तनात. त्यांना झाडताना पाहून गावकरी आपोआप हाताला हात लावत. 2000-01 पासून सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालवले. आधी काम, मग उपदेश हा त्यांचा क्रम आम्हाला फार मोलाचा वाटतो. तहारतवर आपल्याकडे बोलणे भरपूर होते. खराटा कमी दिसतो.

मग करायचे काय? आमच्या गल्लीत गेल्या वर्षापासून जे चालले आहे, ते सांगतो.

जुम्याच्या सकाळी तसेही गुस्ल आणि घरची साफसफाई असते. त्यालाच जोडून कूलर, फ्रिजचा ट्रे, कुंड्यांच्या बशा, गच्ची पाहायची. आठवड्यातून एकदा हे झाले की अळीला मच्छर व्हायला वेळच मिळत नाही. पावसाळ्यात कूलर पूर्ण रिकामा करून, टाकी घासून, कोरडी पुसून ठेवायची.

ड्रम आणि टाकीसाठी नळाचा दिवस. उरलेले पाणी फडक्याने गाळून बादलीत घ्यायचे, ते धुण्या-भांड्याला वापरायचे. ड्रम काथ्याने आतून घासायचा, मगच नवीन पाणी भरून घट्ट झाकायचे. एक थेंबही वाया जात नाही.

मस्जिदीच्या वजूच्या हौजात गप्पी मासे सोडता येतात. ते अळ्या खातात. जिल्हा हिवताप कार्यालयात त्यांची चौकशी करावी. इमामसाहेबांनी जुम्याला दोन मिनिटे हा विषय घेतला, तर कोणत्याही पत्रकापेक्षा जास्त घरांत तो पोचतो. गल्लीच्या पलीकडे राहणाऱ्या पाटील-देशमुखांच्या घरीही स्वतः जाऊन सांगावे. आम्ही गेलो तेव्हा चहा मिळाला आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्याही गच्च्या कोरड्या झाल्या.

एवढे करूनही ताप आलाच, तर मुलाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवा. आजारी मुलाला चावलेला मच्छर पुढे दुसऱ्याला डेंग्यू देतो, म्हणून ही मच्छरदाणी शेजारच्या मुलांसाठीही असते. तापाला डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉलच द्या. ॲस्पिरिन किंवा आयब्रुफेन देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पाणी, ओआरएस, ताक, पेज देत राहा. आणि ताप उतरला म्हणून निश्चिंत होऊ नका. डेंग्यूत धोक्याचे दिवस बहुधा तेव्हाच येतात. पोट फार दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, मूल सुस्त होणे, यातले एकही दिसले तर रात्र आहे म्हणून थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या.

गेल्या सप्टेंबरपासून आमच्या गल्लीत एकही मूल डेंग्यूने आजारी पडले नाही. यंदाचा पावसाळा अजून पूर्ण जायचा आहे, म्हणून मोठ्याने काही बोलत नाही. या जुम्याला फजरनंतर बॅटरी घेऊन एकदा आपल्या गच्चीवर जाऊन या. उतरताना शेजारच्यांनाही हाक मारा.