नांवाचें कॉलेज कीं कामाचें कॉलेज?

बारावीचे निकाल लागले कीं सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत घरोघर एकच खल सुरू होतो : पोराला कोणत्या कॉलेजांत घालावयाचें? माण-खटावच्या वाडीवर हाच विषय, जत-आटपाडीच्या बाजारांत हाच विषय आणि कराडच्या एस. टी. स्टँडवरही हाच विषय. गंमत अशी कीं, उत्तर आधींच ठरलेलें असतें. चांगलें कॉलेज म्हणजे पुण्याचें. तें न साधल्यास सांगलीचें जुनें, नांवाजलेलें. आणि साताऱ्याचें 'कमवा व शिका'वालें? तें गरिबांच्या पोरांसाठीं! पूर्वीं बाजारांत दलाल रुमालाखालीं बोटें दाबून मालाचा भाव ठरवीत आणि ज्याचा माल त्या कुणब्याला तो सर्वांच्या शेवटीं कळे. कॉलेजांचा भावही असाच रुमालाखालीं ठरतो, आणि ज्यांचीं पोरें शिकावयाचीं ते आईबाप नुसती मान डोलावतात.

हा रुमाल उचलून पाहण्याचें आम्हीं आज योजिलें आहे. कोणा एका संस्थेस वर चढवावें व दुसरीस खालीं ओढावें, हा आमचा हेतु नाहीं. परंतु पत आणि गुण या दोन निराळ्या वस्तु आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यानें नुकसान होतें तें बहुजनसमाजाच्या पोरांचें, एवढें आम्हांस स्पष्ट सांगावयाचें आहे.

प्रथम इतिहास पाहूं. १९१९ हें साल या मुलखाच्या शिक्षणांत मोठें नवलाचें. त्या एकाच वर्षीं कृष्णेच्या खोऱ्यांत दोन रोपें लागलीं. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीनें सांगली-मिरजेच्या दरम्यान विलिंग्डन कॉलेज उघडलें, आणि कराडजवळच्या काले गांवीं सत्यशोधकांच्या परिषदेंत भाऊराव पाटील यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली. एका रोपाला मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरसाहेबांचें नांव मिळालें, दुसऱ्याला रयतेचें. एकाच्या पाठीशीं फर्ग्युसन कॉलेज चालविणारी, १८८४ पासूनची संस्था होती. दुसऱ्याच्या पाठीशीं मूठ-मूठ धान्य आणि लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने होते.

विलिंग्डनचे उपकार आम्ही नाकारीत नाहीं. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनीं वीस-वीस वर्षें थोडक्या वेतनावर शिकविण्याची शपथ वाहिली आणि पाळली, हें कोणासही मान्य करावें लागेल. पुढें ज्ञानपीठ पारितोषिक मिळविणारे कन्नड कवि वि. कृ. गोकाक हे या कॉलेजाचे प्रिन्सिपॉल होते. मराठी व कन्नड मुलखांतलीं पोरें तेथें एका बांकावर बसलीं. विद्येची ही पेढी खरीच होती. प्रश्न एवढाच कीं, त्या पेढीची पायरी कोणाला चढतां येत होती? फी भरण्याची ऐपत, शहरांत राहण्या-जेवण्याची सोय, आणि ज्यांत सारें शिकविणें चालावयाचें ती इंग्रजी! या तीन कुलुपांच्या किल्ल्या ज्यांच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या होत्या त्यांना दार उघडें होतें. जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें हेंच गाऱ्हाणें मांडलें होतें : सारा भरावयाचा रयतेनें, आणि वरच्या शिक्षणाचा लाभ घ्यावयाचा मूठभर वर्गांनीं. ज्या कटगुणाहून जोतीरावांचे पूर्वज पुण्याकडे गेले तें गांव याच सातारा जिल्ह्यांतलें, हें वाचकांनीं विसरूं नये. कराडला शाळा शिकलेल्या, देवराष्ट्र्याच्या यशवंतराव चव्हाणांना बी. ए. होण्यासाठीं कोल्हापूरचें राजाराम कॉलेज गांठावें लागलें. ज्यांना कोल्हापूर गांठतां आलें नाहीं अशीं किती पोरें नांगरामागें गेलीं, त्यांची नोंद कोणत्याही दप्तरांत नाहीं. त्याच यशवंतरावांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळांत कमी उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांना फी माफ झाली, ती कांहीं योगायोगानें नव्हे.

दुसरें रोप सावकाश वाढलें. १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें एकत्र बोर्डिंग निघालें. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्यास शाहू छत्रपतींचें नांव देण्यांत आलें. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान पोरें एका पंगतीस बसून जेवलीं, हा त्या बोर्डिंगाचा पहिला धडा. पुस्तकांचे धडे त्यामागून आले. १९४० सालीं महाराजा सयाजीरावांच्या नांवें हायस्कूल आणि १९४७ सालीं छत्रपति शिवाजी कॉलेज. पोरांनीं माती वाहिली, विहिरी खोदल्या, शेतें पिकविलीं आणि त्याच हातांनीं शेक्सपिअर उघडला. 'स्वावलंबी शिक्षण हेंच आमचें ब्रीद' ही कांहीं भिंतीवरची पाटी नव्हती, तो रोजचा दिनक्रम होता. याच बोर्डिंगाच्या पंगतींत वाढलेले पी. जी. पाटील विलायतेहून बॅरिस्टर होऊन परत आले, शिवाजी कॉलेजाचे प्रिन्सिपॉल झाले आणि पुढें शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरुही झाले.

आतां सांगा, यांतलें कोणतें कॉलेज थोर? कृष्णाकांठच्या काळ्या रानांत ऊस काढणाऱ्यानें माणच्या मुरमाड माळावर ज्वारी पिकविणाऱ्यास हिणवूं नये. शेतकऱ्याचें कसब एकरी उताऱ्यावरून ठरत नाहीं. जमीन कशी होती आणि तींतून त्यानें काय काढलें, यावरून ठरतें. नव्वद टक्के मार्कांचीं, घरांत दोन पिढ्यांचे पदवीधर असलेलीं पोरें घेऊन त्यांना पहिल्या वर्गांत पास करविणें हें काम आहे, नाहीं असें नाहीं. पण ज्याच्या घरांत वर्तमानपत्रही येत नाहीं, त्या पोराला तीन-चार वर्षांत स्वतःच्या डोक्यानें विचार करावयास व चार माणसांत उभें राहून तो मांडावयास शिकविणें हें त्याहून अवघड काम आहे. कॉलेजाची पत दारांतून आंत येणाऱ्यांवरून ठरते. गुण मात्र आंत आलेलें पोर बाहेर पडेपर्यंत किती वाट चाललें, यावरून ठरवावा लागतो.

हा तंटा एकट्या आपल्याच मुलखांतला नव्हे. अमेरिकेंत लहान लहान कला-विज्ञान कॉलेजांची मोठी परंपरा आहे. मॅसॅच्युसेट्समधलें विल्यम्स १७९३ चें, ॲमहर्स्ट १८२१ चें. तेथें एक साप्ताहिक १९८३ पासून कॉलेजांच्या प्रतवाऱ्या छापूं लागलें, आणि ही प्रत ठरवितांना कॉलेजांच्या मुख्यांनाच एकमेकांविषयीं मत विचारूं लागलें. म्हणजे ज्याचें नांव आधींच मोठें त्यास चांगलें मत मिळतें, आणि चांगलें मत मिळाल्यानें नांव आणखी मोठें होतें! त्याच देशांत केंटकी राज्यांत बेरिया नांवाचें कॉलेज आहे. गुलामगिरीचे शत्रु असलेल्या जॉन फी यांनीं १८५५ सालीं तें काढलें. तेथें विद्यार्थ्यांकडून शिकवणीची फी घेत नाहींत, प्रवेश मुख्यतः गरिबांच्या मुलांस देतात, आणि प्रत्येक विद्यार्थ्यास आठवड्याला निदान दहा तास काम करावें लागतें. काळीं-गोरीं मुलें एकत्र शिकतात म्हणून १९०४ सालीं त्या राज्यानें कायदा करून ही पंगत मोडली, आणि १९०८ सालीं वरिष्ठ कोर्टानेंही तो कायदा उचलून धरला. तरी कॉलेजानें ब्रीद टाकलें नाहीं. केंटकीच्या डोंगरांत आणि साताऱ्याच्या चार भिंतींखालीं एकमेकांस न पाहिलेल्या माणसांना एकच उपाय सुचावा, यावरून तो उपाय खरा असला पाहिजे, असें आम्ही समजतों.

आपल्या सरकारनेंही आतां तराजू हातीं घेतला आहे. १९९४ सालीं स्थापन झालेली 'नॅक' कॉलेजांना श्रेणी देऊं लागली, आणि २०१६ पासून देशभरच्या संस्थांचे क्रमांक जाहीर होतात. त्या क्रमांकाचे पांच निकष आहेत. त्यांत मागास व गरीब विद्यार्थ्यांना किती सामावून घेतलें हा एक निकष आहे, ही समाधानाची गोष्ट. पण त्याच पांचांत लोकांचें त्या संस्थेविषयीं मत काय, हाही एक निकष आहे! गुण मोजावयास बसलेल्यानें पुन्हा पतच तराजूंत टाकावी, ही मौज पाहून हंसावें कीं रडावें? श्रेणीचा फलक हमरस्त्यावर लागतो, पेढे वाटले जातात, आणि तपासणीच्या आठवड्यांत रंगविलेल्या भिंतींचा रंग पुढल्या पावसाळ्यांत उडतो.

आतां आमच्याच लोकांस दोन कडू गोष्टी सांगतों. कर्मवीरांच्या वडाच्या सावलींत शिकून जे आमदार झाले, साहेब झाले, कारखान्यांचे चेअरमन झाले, त्यांपैकीं किती जणांचीं मुलें आज त्या वडाखालीं शिकतात? जयंतीला हार घालावयाचा आणि जूनमध्यें पोराला पुण्याच्या गाडींत बसवावयाचें, ही भक्ति कसली? ज्या कॉलेजांत पुढाऱ्याचें पोर शिकत नाहीं त्या कॉलेजाच्या रिकाम्या जागांविषयीं पुढारी विधानसभेंत तोंड उघडीत नाहीं. महाराष्ट्रांतल्या कॉलेजांत कायम प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षें रिकाम्या राहतात आणि तासिका तत्त्वावरच्या तरुण शिक्षकांवर काम भागविलें जातें, हें कोणापासून लपलेलें नाहीं. ज्या शिक्षकास पुढल्या वर्षीं आपण येथें असूं कीं नाहीं हें ठाऊक नाहीं, त्यानें खेड्यांतल्या पोराचा हात धरून त्याला पैलतीरीं कसें न्यावें? विलिंग्डनच्या आजीव सभासदांची शपथ काय, आणि शाहू बोर्डिंगांत पोरांबरोबर राहणारे गुरुजी काय, दोघांच्या मुळाशीं एकच गोष्ट होती : शिक्षक टिकून होता.

दुसरी कडू गोष्ट. १९१९ चें चित्र आज राहिलेलें नाहीं. विलिंग्डनच्या वर्गांत आज शेतकऱ्यांचीं, मजुरांचीं मुलें-मुली बसतात, आणि त्याचा आम्हांस आनंद आहे. साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजासह रयतेच्या तीन कॉलेजांचें मिळून २०२१ सालीं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालें, याचाही अभिमान वाटतो. म्हणूनच केवळ कर्मवीरांच्या नांवावर जगण्याची सोय आतां कोणास नाहीं. 'कमवा व शिका' कोठें नुसती अहवालांतली ओळ होऊन राहिली असेल, तर तें कॉलेजही नांवाचेंच झालें, कामाचें राहिलें नाहीं. मग तें गव्हर्नराच्या नांवाचें असो वा छत्रपतींच्या.

आणि कला शाखेला नाक मुरडणाऱ्यांस एक विचारतों. इतिहास, अर्थशास्त्र, मराठी हे विषय उरल्यासुरल्या पोरांचे, असें म्हणण्याची आज चाल पडली आहे. पण जुनीं दप्तरें वाचावयाचीं कोणीं? गांवच्या पाण्याचा आणि कर्जाचा हिशेब मांडावयाचा कोणीं? आपला इतिहास दुसऱ्यानें लिहिला म्हणून शंभर वर्षें ओरड करावयाची आणि स्वतःच्या पोराला इतिहास घेऊं द्यावयाचा नाहीं, हा न्याय कोणता?

तेव्हां आईबापांनो, यंदा कॉलेजाच्या कचेरींत गेलांत तर फलकावरची श्रेणी वाचून परत येऊं नका. पुढील पांच प्रश्न विचारा. पहिल्या वर्षास आलेल्या शंभर मुलांपैकीं पदवी घेऊन किती बाहेर पडलीं, आणि मध्येंच गळालीं तीं कां गळालीं? आमच्या पोराच्या विषयाला कायम शिक्षक किती आणि तासावरचे किती? ग्रंथालय संध्याकाळीं उघडें असतें काय, आणि पुस्तक घरीं मिळतें काय? ज्याच्या घरीं पहिल्यानेंच कोणी कॉलेज पाहत आहे अशा मुलाला इंग्रजीसाठीं व अभ्यासासाठीं निराळा वेळ कोण देतो? आणि मुलीस वसतिगृहांत जागा आहे काय, जेवणाचा खर्च किती, काम करून शिकणाऱ्यास मोबदला वेळेवर मिळतो काय? जें कॉलेज या प्रश्नांचीं सरळ उत्तरें देईल तें चांगलें, मग तें साताऱ्यांत असो, सांगलींत असो कीं एखाद्या तालुक्याच्या गांवीं असो. जें टाळाटाळ करील त्याची इमारत कितीही जुनी असली तरी तेथून परत फिरा.

सातारा-सांगलींतल्या सर्व कॉलेजांच्या चालकांस आमची सूचना आहे कीं, या पांच प्रश्नांचीं उत्तरें त्यांनीं दरवर्षीं प्रवेशापूर्वीं आपल्या दारावर लावावींत. शिवाजी विद्यापीठानें व साताऱ्याच्या नव्या विद्यापीठानें तसा नियमच करावा. आणि सरकारनें रिकाम्या जागा भरून मग खुशाल क्रमांक लावीत बसावें. येत्या हंगामांत कोणत्या कॉलेजानें हीं उत्तरें दारावर लावलीं, तें वाचकांनीं आम्हांस कळवावें. आम्ही तें याच जागीं छापूं.